पॅनल छतावर, गोधडी कोपऱ्यात

रिव्ह्यू लिहायचा लिहायचा म्हणून दोन महिने नुसतंच चाललंय, आज सोमवार, तलाव बंद, गुडघाही कुरकुरतोय, म्हणून बसलेय एकदाची. पुण्यातला एक सार्वजनिक पोहण्याचा तलाव आहे, पास काढून कोणीही जाऊ शकतं असा. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि नाव लिहिलं की बोलणी भलत्यालाच बसतात. दिवाळीच्या आधी तिथे गेटवर मोठा बोर्ड लागला, "सौरऊर्जेवर तापवलेला तलाव, हीट रिकव्हरीसह" (म्हणजे वाया जाणारी ऊब परत वापरणं), आणि बोर्डाबरोबर पासाचे पैसेही वाढले. मी सकाळी सहाच्या बॅचची. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी पोहायला सांगितलं त्याला आता चौथं वर्ष, पण आधीचे तिन्ही हिवाळे डिसेंबर-जानेवारी मी घरीच बसले, कारण पहाटे बाहेर दहा-अकरा डिग्री असताना त्या पाण्यात उतरायचं म्हणजे गुडघा बरा होणं राहिलं बाजूला, दातच वाजायला लागतात. त्यामुळे बोर्ड बघून मला काय आनंद झाला असेल तो समजून घ्या.

ज्यांना सगळं वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी साडेतीन. सोलर चांगलं आहे, खरंच चांगलं आहे, कापलेला दीड स्टार सोलरचा नाहीच मुळी. तो एका निळ्या प्लॅस्टिकच्या गोधडीचा आहे जी चार महिने शॉवरच्या मागच्या कोपऱ्यात गुंडाळून पडली होती आणि तिच्यावर एक पांढरं मांजर झोपत होतं.

सुरुवातीपासून सांगते. नोव्हेंबरच्या शेवटी शेवटी आमच्या बॅचमध्ये कुजबुज सुरू झाली की सोलर बंदच आहे, नुसता बोर्ड लावलाय. पुरावा काय तर पंपरूममधून जो पाइप तलावाकडे येतो तो हाताला गरमच लागत नाही. मीही हात लावून बघितला, कोमटसुद्धा धड नाही. घरी गच्चीवरच्या सोलरचं पाणी अंगावर घेताना हात भाजतो आणि इथे हे असं. मग एक दिवस प्लँटवर जे मामा असतात त्यांना म्हटलं, मामा, हे काय चाललंय, तर ते म्हणाले, "ताई, वर चला, दाखवतो." चेंजिंग रूमच्या छतावर लोखंडी जिन्याने गेलो. मला वाटलं होतं काचेची पॅनल्स असतील, निळी-काळी चकचकीत. तसलं काही नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या एकीला एक चिकटून लांबच लांब चटया अंथरल्यासारख्या, वर काच नाही, खाली काही नाही, अख्खं छत भरून. तलावाचं पाणी पंपाने वर येतं, त्या नळ्यांतून फिरतं आणि खाली जातं. इतकंच. त्यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच.

आणि पाइप गरम न लागणं हेच बरोबर आहे हे मला त्या दिवशी कळलं. अंघोळीला आपल्याला साठ डिग्री पाणी लागतं म्हणून घरच्या पॅनलला काच, आत तांबं, पेटीला इन्सुलेशन असा थाट करावा लागतो. तलावाला लागतं जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस (स्पर्धेच्या तलावाचा नियमही २५ ते २८ डिग्रीचाच आहे), म्हणजे दुपारच्या हवेच्या आसपासच. मग भरपूर पाणी भराभर फिरवायचं आणि प्रत्येक फेरीत दोन-तीन डिग्री चढवायची, पॅनल जितकं कमी तापतं तितकी कमी उष्णता ते हवेला परत देतं. पॅनल कडक तापलं तर समजायचं पाणी नीट फिरत नाहीये. शिवाय तलावाच्या पाण्यात क्लोरीन आणि ॲसिड, पीएच जरा घसरला, म्हणजे पाणी आम्ल झालं, की ते तांबं खायला लागतं, प्लॅस्टिकला तो त्रास नाही. त्यामुळे कोणाच्या सोसायटीत तलावासाठी काचेची महागडी पॅनल्स घालायचा घाट चालला असेल तर आधी दोन प्रश्न विचारा, मग सही करा. उघडी पॅनल्स स्वस्त असतात, फक्त जागा खातात, तलावाच्या क्षेत्रफळाच्या निम्म्यापासून तलावाएवढी जागा धरून चालायचं.

मग सोलर चालू आहे तर पाणी थंड का? मी बँकेत नोकरी केलेली बाई, मला जमाखर्च मांडल्याशिवाय चैन पडत नाही. मत्स्यालयाच्या दुकानातून फिश टँकचा थर्मामीटर आणला, दोरीने शिडीला बांधला आणि डायरी घातली. आमचा तलाव २५ मीटर बाय साडेबारा, सरासरी खोली दीड मीटर धरली तर साधारण ४ लाख ७० हजार लिटर पाणी. एवढं पाणी एक डिग्रीने तापवायला जवळजवळ साडेपाचशे युनिट लागतात. परत वाचा, एका डिग्रीला साडेपाचशे युनिट, मला तर घरचं तीन-चार महिन्यांचं बिल दिसलं डोळ्यासमोर. पुण्याच्या हिवाळ्यातल्या स्वच्छ उन्हात छतावरच्या त्या चटया मिळून दिवसाला तेवढं, म्हणजे एक डिग्रीच्या आसपास देतात. वाईट नाही! फुकटची रोज एक डिग्री. आणि माझ्या डायरीत रोज रात्री नऊला साडेसव्वीस आणि सकाळी सहाला साडेचोवीस. म्हणजे दिवस एक देतो आणि रात्र दोन घेऊन जाते, मधला फरक तलावावर थेट पडणारं ऊन भरून काढतं तेवढाच.

जातात कुठे या दोन डिग्री? माठ बघा. माठातलं पाणी का गार होतं, बाहेर पाझरून वाळतं म्हणून. उघडा तलाव म्हणजे तीनशे बारा स्क्वेअर मीटरचा माठच आहे. एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं की पावणेसातशे वॅट-तासांच्या जवळपास, म्हणजे पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी उष्णता खालच्या पाण्यातून ओढून नेतं, आणि थंडीच्या कोरड्या रात्री असल्या तलावातून हजार-दीड हजार लिटर सहज उडतं. उघड्या तलावाच्या एकूण नुकसानीतला साधारण सत्तर टक्के वाटा या बाष्पीभवनाचाच असतो. आमच्या बॅचमधले लोक डिसेंबरात पहाटे तलावावर वाफा येताना दिसल्या की फोन काढून फोटो काढतात आणि ग्रुपवर टाकतात, "जणू महाबळेश्वर", खाली चाळीस हात जोडलेले. अहो ते महाबळेश्वर नाहीये, ते बिल चाललंय वर!

आणि यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही. पाण्यावर पांघरूण घालायचं. बबलचं कव्हर मिळतं, पार्सलला गुंडाळतात तसलंच पण जाड, निळं, बुडबुड्यांची बाजू खाली. आमच्या तलावाला ते आलेलंसुद्धा होतं, पॅनलबरोबरच, चार लांब पट्ट्या आणि एक रोलर. पण वापरायचं कोणी? लाइफगार्ड म्हणतो माझी ड्यूटी शेवटची बॅच बाहेर पडली की संपली. वॉचमन म्हणतो मला गेटची ड्यूटी आहे, पाण्याची नाही. बसवणारा कंत्राटदार म्हणतो आमच्या कामात कव्हर पुरवणं होतं, ते दिलं, सही आहे. तिघांचंही कागदोपत्री बरोबर. म्हणून लाखोंची पॅनल्स दिवसभर राबतात आणि त्यांच्या मानाने चिल्लर किमतीची गोधडी मांजराच्या अंगाखाली. हे म्हणजे घरात गीझर लावायचा आणि बादलीला भोक.

यातच जानेवारीत अजून एक गंमत झाली. संध्याकाळी आठच्या बॅचला माझी मैत्रीण जाते, ती म्हणाली की भिंतीतल्या जाळीतून जे पाणी आत येतं ते तलावापेक्षा गार लागतंय. मला आधी वाटलं तिला भास होतोय. मग मीच एक दिवस आठला गेले, त्या जाळीसमोर पाठ लावून उभी राहिले आणि खरंच, गार धार! मामांना म्हटलं आत्ता रात्री सोलरचा पंप चालू आहे का, तर ते म्हणाले छे, तो साडेचारला बंद होतो टायमरवर. पंपरूममध्ये जाऊन बघतो तर पंप घुर्र करतोय आणि टायमरची तबकडी दाखवतेय दुपारचे तीन.

झालं होतं असं की मुळात तिथे सेन्सरवालं कंट्रोलर आहे, छतावरचं पॅनल तलावापेक्षा चार-पाच डिग्री गरम झालं तरच पंप सुरू, नाहीतर बंद. त्याचा छतावरचा सेन्सर डिसेंबरात गेला. कंत्राटदाराचा माणूस आला, म्हणाला सेन्सर मागवलाय, तोपर्यंत टायमरवर टाकतो, आणि एक साधा गोल तबकडीचा टायमर लावून गेला, बॅटरी बॅकअप नसलेला. आता आपल्याकडे गुरुवारी लाइट जाते हे पुण्यातल्या लहान पोराला माहीत आहे, बहुतेक या माणसाला नसावं. लाइट गेली की तबकडी थांबते, आली की तिथूनच पुढे. सगळे गुरुवार मिळून टायमर पाच तास मागे पडला होता. म्हणजे पंप सकाळी नऊऐवजी दुपारी दोनला सुरू आणि साडेचारऐवजी रात्री साडेनऊला बंद, चांगलं ऊन निम्मं वाया आणि वरून सूर्य मावळल्यावर तीन-साडेतीन तास तलावाचं पाणी छतावर नेऊन उघड्या आभाळाखाली गार करून परत. पैसे भरून तलाव थंड करत होतो आम्ही. मामांनी कपाळावर हात मारला, बोटाने तबकडी फिरवून सरळ केली, पंप बंद. आता दर शुक्रवारी सकाळी आल्यावर पहिलं काम तबकडी लावायची असं त्यांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय. सेन्सर अजून "मागवलेला" आहे.

(मामा मात्र हुशार माणूस. म्हणाले, ताई, एप्रिल-मे मध्ये हेच मुद्दाम करू. उन्हाळ्यात पाणी बत्तीसच्या वर जातं तेव्हा पोहताना घाम आल्यासारखं होतं, तेव्हा रात्री पंप चालवला की त्याच चटया पाणी गार करतील. आणि हे खरंय, याच पॅनल्सचा हा उपयोग बऱ्याच ठिकाणी करतात.)

पॅनलशिवाय पंपरूमच्या बाजूला दोन हीट पंप आहेत, एसीच्या बाहेरच्या युनिटसारखे दिसतात आणि काम उलटं करतात, हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतात. एक युनिट वीज खाऊन चार-पाच युनिट उष्णता देतात म्हणून लोक खूश असतात, पण हे गणित हवा उबदार असतानाचं आहे. आमच्याकडे ते पहाटे तीनला लावतात, का तर सहाच्या बॅचला पाणी गरम हवं. पहाटे तीनला हवा सगळ्यात थंड, पंप सगळ्यात जास्त दमतो, आणि वर तलाव उघडा. दुपारी दोनला अठ्ठावीस-एकोणतीस डिग्रीत चालवा ना! पण दुपारी घातलेली उष्णता सकाळपर्यंत टिकत नाही म्हणतात. का टिकत नाही? गोधडी. फिरून फिरून तिथेच.

आता बोर्डावरच्या "हीट रिकव्हरी"बद्दल, कारण त्याचं फार कौतुक ऐकवलं गेलं आम्हाला. प्रत्यक्षात काय आहे तर फिल्टरच्या बॅकवॉशचं पाणी. सँड फिल्टर धुताना तलावातलंच कोमट पाणी उलटं सोडून गटारात जातं आणि त्याच्या बदल्यात टाकीचं गार पाणी भरावं लागतं, तर त्या जाणाऱ्या पाण्याची ऊब प्लेट हीट एक्स्चेंजरने येणाऱ्या पाण्याला द्यायची. कल्पना सोन्यासारखी. पण आकडे बघा, एका बॅकवॉशला दहा हजार लिटर धरा, फरक सात डिग्री, सगळी मिळून ऐंशी युनिट, त्यातली निम्मी हाताला लागली तरी चाळीस, आणि तेही आठवड्यातून एकदा-दोनदा. एका रात्रीत हजार युनिट वाफेवाटे सोडून द्यायची आणि चाळीस वाचवल्याचा बोर्ड लावायचा. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून घासाघीस करून पाकीट तिथेच विसरून यायचं, त्यातला प्रकार.

हीट रिकव्हरी जिथे खरी शोभते ते बंदिस्त तलाव. तिथे उडालेली वाफ छताखालीच अडकते, ती दमट हवा बाहेर फेकायच्या आधी यंत्रातून नेऊन वाफेचं परत पाणी करायचं, की उडताना नेलेली सगळी उष्णता परत सुटते आणि तीच तलावाला द्यायची. थंड देशांत हे सर्रास करतात. इंग्लंडमध्ये डेव्हनला एक्समाउथच्या तलावावर तर २०२३ मध्ये वॉशिंग मशीनएवढं डेटा सेंटर बसवलंय, सर्व्हर मिनरल ऑइलमध्ये बुडवलेले, त्यांची ऊब तेलातून एक्स्चेंजरमार्फत तलावाला. पॅरिस ऑलिंपिकसाठी साँ-देनीला जो नवा तलाव बांधला त्यालाही शेजारच्या डेटा सेंटरची उष्णता जोडलीय. हे वाचून आमच्या बॅचमधले एक काका लगेच म्हणाले, मग ऐरोली-महापेला एवढी डेटा सेंटर्स आहेत, नवी मुंबईचे तलाव तापवा की. अहो काका, नवी मुंबईत तलाव तापवून कोणाला उकडवायचंय!

माझ्या मामाच्या गावी विहीर होती, जुन्नरच्या बाजूला. पाठीला सुका भोपळा बांधून ढकलून द्यायचे, तसं शिकलेय मी पोहायला, तेही दिवाळीच्या सुट्टीत, काकडवणाऱ्या थंडीत. आणि विहिरीचं पाणी कोमट असायचं. तेव्हा वाटायचं काहीतरी चमत्कार आहे. आता कळतं, तोंड लहान, पाणी खोल, वारा लागत नाही आणि चहूबाजूंनी जमीन वर्षभर एकाच तापमानाला. कोणी तापवत नव्हतं, फक्त गमावत नव्हतं.

शेवटी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघी आणि संध्याकाळच्या बॅचचे दोन इंजिनिअर मुलगे, असे व्यवस्थापकांकडे गेलो, की रात्री कव्हर आम्ही घालतो, तुम्ही फक्त परवानगी द्या. आधी नाहीच म्हणाले. लाइफगार्डने रास्त मुद्दा काढला की कव्हर अर्धवट पाण्यावर असताना कोणी उतरलं, विशेषतः लहान मूल, तर ते खाली अडकेल आणि वरून दिसणारही नाही. हे अगदी खरं आहे, कोणाच्या सोसायटीत वापरत असाल तर लक्षात ठेवा, काढायचं तर चारही पट्ट्या पूर्ण काढल्याशिवाय एकालाही पाण्यात सोडायचं नाही. मग ठरलं, रात्री नऊला गेट बंद करून आम्ही घालायचं, पहाटे साडेपाचला मामा आणि लाइफगार्ड काढणार, त्यानंतरच गेट उघडायचं. मांजराला उठवलं, त्याने आमच्याकडे असं बघितलं की जणू भाडं थकवलंय आम्ही. कव्हर धुतलं, त्यात झुरळं, वाळकी पानं, एक गॉगल आणि कोणाचा तरी कवळीचा डबा निघाला (रिकामा, देवाची कृपा). पहिल्या रात्री पंचवीस मिनिटं लागली, आता सहा माणसं दहा मिनिटांत घालतो.

पहिल्या सकाळी डायरीत रात्री साडेसव्वीस, सहाला सव्वीस. मी थर्मामीटर दोनदा झटकून बघितला. आणि पुढची मजा अशी की रात्रीचं जाणं थांबल्यावर रोजच्या त्या एका डिग्रीतलं थोडं थोडं साठायला लागलं, बँकेतल्या रिकरिंगसारखं, नवव्या दिवशी पाणी अठ्ठावीसला पोचलं आणि हीट पंप बंद करावे लागले. त्याच चटया, तोच सूर्य. माझी सून म्हणाली आई तुम्ही एवढ्या वेळ कशा काय राहता आजकाल पाण्यात, बोटांच्या सुरकुत्या बघा. गुडघ्याचं म्हणाल तर जिना उतरताना आता कठड्याला धरत नाही मी, निदान आज सोमवार सोडून.

बाकीचं पटकन. पाणी स्वच्छ असतं, तळाच्या फरशीवरची रेघ खोल बाजूलाही स्पष्ट दिसते. क्लोरीनचा वास शनिवारी-रविवारी जास्त येतो कारण गर्दी, आणि लोक शॉवर न घेता उतरतात, तेल लावून येणाऱ्यांना तर मी स्वतः परत पाठवते. बायकांच्या चेंजिंग रूममध्ये दोनच हूक धड आहेत, पिशवी अडकवायला स्वतःची दोरी न्या. टोपी कंपल्सरी, काउंटरवर मिळते पण दुप्पट भावाने. थंडीत जायचं असेल तर सहाच्या बॅचला जायला आता हरकत नाही, पण पाण्यातून बाहेर आल्यावर शॉवरपर्यंतची वीस पावलं जीवघेणी आहेत, मोठा टॉवेल शिडीजवळच ठेवा.

परवा रोलरचं एक चाक निखळलं. कंत्राटदाराला फोन केलाय, म्हणाला चाक मागवतो. सेन्सरच्या शेजारीच येईल बहुतेक. आणि मांजराची काळजी करू नका, ते आता पंपरूममध्ये मोटरच्या मागे, बरोबर जिथे मोटरची गरम हवा येते तिथे पोतं ओढून झोपतं. बोर्डावरची हीट रिकव्हरी सध्या तेवढीच नीट चालू आहे.